ऑल्ट एफ-फोर आणि केळझरची चतुर्थी

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण माझी उजवी करंगळी अजून नोकरीवर आहे. भाजीला उकळी यायची वाट पाहत ओट्यापाशी उभी असले की ती आपोआप ओट्याच्या कडेवर एकदा टेकते, आणि मागोमाग डाव्या हाताची तीन बोटं टकटक करतात. सून म्हणते, "आई, कसला ताल धरता?" ताल नाही तो. तिरकी रेघ, मग डी, मग एस, मग जी. म्हणजे, यादी नीट लावून दे. हा हुकूम ज्या कॉम्प्युटरला कळायचा तो केव्हाच मोडीत गेला. हुकूम देणारी बोटं मात्र शाबूत आहेत.

वर्ध्याच्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीत मी नोंदी ठेवायचं काम करत होते. लोकांना वाटतं, रक्तपेढी म्हणजे फ्रीजमध्ये मांडून ठेवलेल्या पिशव्या. पण पिशवी महिनाभर टिकते, फार तर पाच दिवस वर. रक्तपेढीचं खरं धन म्हणजे रक्तदात्यांची यादी. पॉझिटिव्ह गटाची माणसं पैशाला पासरी मिळतात, निगेटिव्हवाला मात्र शोधावा लागतो, आणि तो कुठे राहतो, कोणत्या फोनवर सापडतो, हे आधीच लिहून ठेवलेलं असावं लागतं. त्या काळी फोन तरी कोणाकडे होते? आमच्या यादीतले निम्मे नंबर 'पीपी', म्हणजे शेजारच्या किराणा दुकानाचे नाहीतर पोस्टाचे. आम्ही दुकानदाराला सांगायचं, दुकानदार हाक मारायचा, आणि माणूस कशासाठी बोलावलंय हेही पुरतं न विचारता निघून यायचा. असा कोणाचा निरोप कोणाला मिळून सायकलवर डबलसीट आलेली माणसं मी पाहिली आहेत. कोणी रक्त देऊन झाल्यावर विचारायचा, "पेशंट आपल्या गावचा हाय ना?" नसला तरी आम्ही मान हलवायचो.

मी मूळची हिंगणघाटची. बाबा कापसाच्या जिनिंग मिलमध्ये होते. दहावीनंतर त्यांनी मला टायपिंगला घातलं. आमचे सर टाइपरायटरवर आणि आमच्या हातांवर एक जुनं धोतर टाकायचे. कळा दिसता कामा नयेत. नजर कागदावर, फक्त कागदावर. डोळा हलला की पट्टी. "जे बोटाले ठाव हाय ते डोळ्याले काऊन दाखवता?" असं ते म्हणायचे. ते वाक्य मी आयुष्यभर ताठ मानेनं मिरवलं. मान ताठ होती आणि नजर कागदावर, म्हणून समोर काय चाललंय ते पुष्कळदा दिसलं नाही. ते पुढे येईलच.

रक्तपेढीत पहिला कॉम्प्युटर आला तो डॉसवाला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊस नावाचा उंदीर नाही. त्यात आडव्या-उभ्या घरांचा तक्ता होता. नाव, गाव, गट, फोन, शेवटचं रक्तदान. तिरकी रेघ दाबली की वर एक पाटी उघडायची, आणि मग एकेक अक्षर दाबत जायचं. शिकवायला आलेला मुलगा दोन दिवसांत पळाला. मी मात्र महिन्याभरात त्या यंत्राला असं काही वळण लावलं, की येणारे-जाणारे बघत उभे राहायचे. यादी कोणत्या रकान्यापासून कोणत्या रकान्यापर्यंत आहे, हे त्याला एकदाच सांगून ठेवलेलं. नंतर नुसतं डी, एस, जी, की आठशे माणसं आपापल्या जागी. होम दाबलं की थेट पहिल्या घरात. आणि सगळ्यात लाडकी कळ म्हणजे ऑल्ट आणि एफ-फोर एकत्र. काही चुकलं की ती दाबायची, चूक मागे जायची. ती कळ आहे म्हणून मी बिनधास्त होते. चूक झाली तर झाली, दोन बोटांनी पुसता येते. संसारात अशी कळ असती तर, असं मी एकदा नवऱ्याला म्हणाले होते. तो दोन दिवस बोलला नाही.

मग शतक बदलायची हाकाटी झाली. जुने कॉम्प्युटर दोन हजार साल ओळखणार नाहीत म्हणे. आमचा गेला आणि विंडोजवाला आला. पडदा पांढरा, चित्रंच चित्रं, शेजारी उंदीर. मी उंदराला हात लावायचा नाही असं ठरवलं. गरजही वाटली नाही, कारण नव्या तक्त्यातही तिरकी रेघ दाबली की वरची पाटी जागी व्हायची. जुन्या लोकांची एवढी सोय त्यांनी ठेवली होती. डी-एस केलं की यादी लावायची चौकट यायची, एंटर दाबला की काम व्हायचं. मला वाटलं, घर तेच आहे, रंग तेवढा दिलाय.

पण घर ते नव्हतं. होम दाबलं की आता पहिल्या घरात जायचं नाही, त्याच ओळीच्या सुरुवातीला यायचं. पहिल्या आठवड्यात मी मथळा बदलायला गेले आणि एका भल्या माणसाच्या नावावर 'रक्तदात्याचे नाव' असं टाइप करून मोकळी झाले. पुढच्या शिबिराच्या पत्रांवर आमच्या शिपायानं इमानदारीनं पत्ता घातला: श्री. रक्तदात्याचे नाव, मु. पो. अमुक. पोस्टमननं ते पत्र पोचवलंही, कारण त्या गावात आमच्याकडून पत्र येणारा तो एकटाच होता! आणि ऑल्ट एफ-फोर? नव्या घरात त्या कळेचा अर्थ 'दुकान बंद' असा होता. चूक पुसायला जावं तर सगळा तक्ताच मिटायचा. मिटण्याआधी एक चौकट विचारायची, केलेले बदल ठेवायचे का? आणि एंटर दाबला की त्याचा अर्थ 'हो'. हे मला दोन-तीनदा घडून कळलं होतं, डोक्याला कळलं होतं. बोटांना कोण सांगणार?

आता ती गोष्ट. लोखंडेभाऊ म्हणजे आमच्याकडचे तंत्रज्ञ, रक्ताचा गट तपासणारे. समुद्रपूरकडचे. कॉम्प्युटरला ते 'डब्बा' म्हणायचे. त्यांना तेव्हा नुकताच चष्मा लागला होता. एकदा दुपारी ते म्हणाले, "ताई, यादीत गटाचं अक्षर जरा मोठं करा ना. मले दिसून नाई राह्यलं." मी गटाचा पूर्ण रकाना निवडला, अक्षर मोठं केलं. मग नजर रजिस्टरवर, नवीन नावं कोणती टाकायची ते बघत, बोटांनी नेहमीचं गाणं वाजवलं. तिरकी रेघ, डी, एस, एंटर.

जुन्या तक्त्याला पूर्ण यादी आठवायची. नव्या तक्त्यानं, जो रकाना मी निवडून ठेवला होता तेवढाच लावला. मध्ये त्यानं काही विचारलं का? विचारलं असेलही. मी बघत नव्हते. सहज मान वर केली तर वरपासून खालपर्यंत ए, ए, ए. काहीतरी हुकलं एवढं कळलं, आणि काही कळायच्या आत बोटांनी त्यांची लाडकी कळ दाबली. ऑल्ट एफ-फोर. चौकट आली. एंटर. तक्ता मिटला.

मी मनाशी म्हटलं, चला, चूक पुसली गेली, वरून तक्ता बंद झाला एवढंच. आणि चहाला गेले.

चूक पुसली गेली नव्हती. मीच ती पक्की केली होती. नावं जिथल्या तिथे आणि गट मात्र सगळ्यांचे इकडचे तिकडे. दुसऱ्या दिवशी शिबिरासाठी मी यादी गावांप्रमाणे लावली, त्यामुळे ए-ए-एचा तो पट्टाही मोडून गेला. आता कोणी बघितलं असतं तरी डोळ्याला खुपण्यासारखं काही उरलं नव्हतं. आठशे माणसं, प्रत्येकाच्या अंगात दुसऱ्याचं रक्त लिहिलेलं, आणि मी रोज त्यात नवीन नावं टाकत होते. न बघता.

दोन-अडीच आठवडे गेले. एका सकाळी अकराच्या सुमारास बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना म्हणून समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यातून बाईला आणलं. जन्मलेली मुलगी सुखरूप होती, आईची लक्षणं वाईट होती. गट बी निगेटिव्ह. आमच्याकडे एकच पिशवी होती, ती लागली. डॉक्टरांचा निरोप आला, दोन तासांत आणखी दोन पाहिजेत. मी यादी काढली. बी निगेटिव्ह पाच माणसं. दोघांचे फोन लागेनात, दोघं लांबची. जवळचा सापडला तो केळझरचा. वसंतराव, गणपतीच्या देवळाबाहेर हार-फुलं विकणारे. पीपी नंबर समोरच्या किराणा दुकानाचा.

दुकानदार म्हणाला, "आज चतुर्थी हाय न बाई. केवढी गर्दी हाय इथं! आजच्या दिवशी दुकान सोडून कसा येईन तो?"

मी म्हटलं, "बाळंतीण मरून राह्यली म्हना."

पाऊण तासात वसंतराव हजर. काळीपिवळी जीपमधून मागे लटकत आले होते. पन्नाशीचा, शिडशिडीत माणूस, बोटांना झेंडूचा पिवळा रंग. लोखंडेभाऊंनी विचारलं, "पोटात काई हाय का?"

"नाई. माहा उपास हाय. पानी घेतलं सकाळी."

संकष्टीचा उपास. चंद्र उगवेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. बाप वारला तेव्हापासून, बावीस वर्षं, एक चतुर्थी चुकलेली नव्हती. ते हे फुशारकीनं सांगत नव्हते, अडचण म्हणून सांगत होते. पण उपाशीपोटी रक्त घेत नाहीत. चक्कर येते, माणूस पडतो. एरवी आम्ही आधी गट तपासतो आणि मग बाकीचं. त्या दिवशी वेळ वाचवायचा म्हणून मीच त्यांच्यापुढे चहा आणि बिस्किटं ठेवली आणि लोखंडेभाऊंना म्हटलं, तोवर तुम्ही तपासून घ्या.

वसंतरावांनी बिस्किटाकडे पाहिलं. "घेतलंच पायजे का बाई?"

"भाऊ, एका जिवाचा प्रश्न हाय. गनपती समजून घेईन."

त्यांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले, आणि बिस्किट चहात बुडवून खाल्लं. दोन खाल्ली.

गट तपासायची पांढरी टाइल असते. रक्ताचे तीन थेंब ठेवायचे, प्रत्येकात वेगळं औषध घालायचं, आणि कोणत्या थेंबात गुठळ्या होतात ते पाहायचं. बी निगेटिव्ह असेल तर फक्त मधल्या थेंबात होणार. लोखंडेभाऊंनी टाइल हलवली, उजेडाकडे धरली, पुन्हा हलवली. मग मला आत बोलावलं.

"कुंदाताई, तुमच्या डब्ब्यानं हे काय धाडलं? हा मानूस ओ पॉझिटिव्ह हाय."

मी म्हटलं, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा केलं. तेच. मी जुनं रजिस्टर ओढलं आणि वसंतरावांची नोंद शोधली. लोखंडेभाऊंच्याच अक्षरात, ओ पॉझिटिव्ह. मग यादीतली आणखी दोन नावं ताडून पाहिली. तीही चूक. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती दुपार उभी राहिली, ए, ए, ए. नऊ वर्षांची रजिस्टरं तारखेप्रमाणे लिहिलेली, त्यातून बी निगेटिव्ह वेचायला दिवस गेला असता. डॉसच्या जुन्या फ्लॉप्या कपाटात होत्या, त्यांना बुरशी लागलेली. मी आठवायला लागले. ही सगळी नावं मी या हातांनी टाइप केली होती, एकेक नाव चार-चारदा. एकही आठवेना. बोटांतून गेलेलं नाव डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

लोखंडेभाऊ भिंतीकडे बघत उभे होते. म्हणाले, "जामचा टायरवाला. रामकिसन. बी निगेटिव्ह. दोन वर्षांखाली मी गेलतो तिकडं, तं दुकानातून उठून आला न् जबरदस्तीनं चहा पाजला मले. त्याचा भाऊ बी तोच गट. दोघंच्या दोघं हाय पाहा."

त्यांनी गट लक्षात ठेवला नव्हता, माणूस लक्षात ठेवला होता. गट त्या माणसाबरोबर आला.

यादीतले फोन तरी आपल्या जागेवर होते. मी जाम गावच्या त्या दुकानात फोन लावला. रामकिसनजी म्हणाले, "बहनजी, गाडी निकाल रहा हूँ, तुम्ही फक्त गेटवाल्याले सांगून ठेवा." तासाभरात दोघं भाऊ आले. हाताचं काळं पुसतच आले. दोन पिशव्या मिळाल्या. बाई वाचली.

या सगळ्या धावपळीत वसंतराव बाहेरच्या बाकावर बसून होते. कोणाला भान नव्हतं, मलाही नव्हतं. शेवटी तेच दारात आले.

"बाई, माहं रक्त घेता ना?"

"नाई भाऊ. तुमचा गट जुळला नाई."

"मंग बोलावलं काऊन?"

त्या वेळी खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या हातून चूक झाली, भाऊ. मी म्हटलं, "कॉम्प्युटर बदलला ना आमचा. मशीनची गडबड झाली."

"अस्सं," ते म्हणाले. "मशीन हाय, चालाचंच." आणि देवळापुढची गर्दी अजून सापडते का बघायला लगबगीनं स्टँडकडे गेले. रुग्णालयाच्या अहवालातही तेच लागलं, यंत्रबदलामुळे झालेला घोटाळा. तो अहवाल मीच टाइप करून त्याखाली साहेबांची सही घेतली. रजिस्टरं काढून दोन महिने खपून यादी पुन्हा खरी केली, तर वर शाबासकी मिळाली. लोखंडेभाऊंना सगळं माहीत होतं. ते एकदाच बोलले, "मशीनले तोंड नाई म्हनून बरं हाय."

मला लाज वाटली. ती लाज जायला तयार नव्हती. पुढच्या चतुर्थीपासून मी संकष्टी धरली, पाण्यावर, चंद्र निघेपर्यंत. सासूबाईंना वाटलं, सुनेला उशिरा का होईना सद्बुद्धी झाली. मी त्यांचा समज तसाच राहू दिला. कामावर मात्र नजर कागदावरून उचलली. प्रत्येक नाव टाइप करून झालं की पडद्यावर बघून तोंडानं म्हणायचे. नाव, गाव, गट. सरांच्या धोतराखाली मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग होता, तो वीसवर आला. येणारे-जाणारे आता उभे राहून बघत नव्हते. ऑल्ट आणि एफ-फोर या दोन कळांवर मी लाल नखपॉलिशचा ठिपका लावला.

चार-पाच वर्षांनी पुन्हा घर बदललं. आता फुकटातली नवी प्रणाली आली, तिचा तक्ता वेगळा, कळा वेगळ्या. सगळ्या विभागांना शिकवायला साहेबांनी मलाच उभं केलं. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. त्या दुपारची गोष्टच सांगितली, पहिल्यापासून, माझं नाव घेऊन. मागे लोखंडेभाऊ बसले होते. वर्ग सुटल्यावर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "चांगलं केलं. साऱ्याइले सांगून झालं. केळझरले कवा जाता?"

मी पुढच्याच चतुर्थीला रजा टाकली आणि बसनं केळझरला गेले. देवळापाशी रांग होती. वसंतराव तिथेच, हार ओवत. केस पांढरे झाले होते. मी समोर उभी राहिले. त्यांनी दोनदा पाहिलं, हातातली सुई हारात खोचली आणि उठलेच.

"रक्तपेढीच्या बाई ना तुमी? कोनाले पायजे? चाला."

"कोनालेच नाई भाऊ. बसा."

मी त्यांच्या पाटीशेजारी बसून सगळं सांगितलं. मशीनची गडबड नव्हती, माझी होती. चूक पुसायची म्हणून जी कळ दाबली तिनंच चूक पक्की झाली, कारण ती कळ जुन्या घरातली होती. तुमचा बावीस वर्षांचा उपास मी मोडला आणि आळ मशीनवर घातला. ते पुन्हा हार ओवायला लागले होते. एक गिऱ्हाईक आलं, त्याला दूर्वा दिल्या. मग म्हणाले, "ते बाई वाचली होती ना?"

"वाचली. पोरगीबी आता शाळेत जाते म्हने."

"मंग झालं तं. माहा उपास पुढच्याच चतुर्थीपासून पुन्हा सुरू झाला. देव काई हजेरी घेऊन नाई राह्यला."

त्यांनी समोरच्या दुकानाकडे हात केला. दुकानदारानं चहा आणि बिस्किटाचा पुडा आणून दिला. वसंतरावांनी पुडा फोडला आणि कागदावर दोन बिस्किटं काढून माझ्यापुढे सरकवली.

"घ्या."

"नको भाऊ. माहा उपास हाय."

"तुमचा? कवापासून?"

"त्या दिवसापासून."

त्यांची बोटं तशीच पिवळी होती. मग चहाचा कप उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.

"सोडा आता."

"अजून चंद्र निघाला नाई, भाऊ."

"त्या दिवशी माह्यासाठी निघाला होता का?"

दुपारचे अडीच वाजले होते, देवळापुढे ऊन तापलं होतं. मी बिस्किट चहात बुडवलं.